वाणात दिलेली किल्ली

धोंड्याच्या महिन्यात जावयाला काय द्यायचं हे आमच्याकडे ठरलेलं असतं. पुरणाचे धोंडे, तेहतीस अनारसे, चांदीचं निरांजन, सासऱ्याची ऐपत असेल तर अंगठी. आमच्या भाऊंनी यंदा त्यात भर घातली. त्यांनी जावयाला कंपनीच्या क्लाउडचा मालक करून टाकलं. हे लिहितानाही माझ्या कपाळाची शीर उडते आहे.

भाऊ म्हणजे आमचे मालक. जळगावच्या एमआयडीसीत त्यांचा कारखाना आहे. विहिरीवरच्या मोटारीला लावायचा एक डबा तिथे तयार होतो. डब्यात सिमकार्ड असतं. शेतकरी घरी बसून मोबाइलवरचं बटण दाबतो, ते बटण आमच्या सर्व्हरला कळतं, सर्व्हर डब्याला सांगतो आणि मळ्यात मोटार सुरू होते. हा सर्व्हर काही आमच्या कारखान्यात ठेवलेला नाही. एका बड्या कंपनीच्या क्लाउडवर भाड्याने घेतलेली ती जागा आहे, आणि ती सांभाळणं हे माझं काम. मी मूळची धुळ्याची. लग्न होऊन जळगावात आले, आणि पोरं शाळेत जायला लागल्यावर भाऊंकडे कामाला लागले. आज त्या सर्व्हरवर कुठे काय ठेवलंय हे मी माझ्या स्वयंपाकघरातल्या डब्यांइतकं डोळे मिटून सांगू शकते.

क्लाउडवर कुणाला काय करता येईल याच्या पायऱ्या असतात. सगळ्यात वर ओनर, म्हणजे मालक. तो काहीही करू शकतो, उभं केलेलं सगळं पुसूही शकतो. त्याखाली एडिटर, रोजचं काम करणारा. सगळ्यात खाली व्ह्यूअर. त्याला फक्त दिसतं, हात लावता येत नाही. मी एडिटर होते. मालक एकटे भाऊ. मी एकदा म्हटलं होतं, भाऊ, अडीअडचणीला मलाही तो अधिकार देऊन ठेवा. त्यावर ते हसले आणि म्हणाले, "ताई, तुम्ही पगारावर आहात. मालक कशा व्हाल?" ज्याचा कारखाना त्याची किल्ली, यात काही चूक नव्हतं.

मग जावईबापू आले. पुण्यात मोठ्या आयटी कंपनीत आहेत म्हणतात. धोंड्याच्या जेवणाला आले, खापरावरचे मांडे खाल्ले, दिवाणावर लवंडले आणि सहज म्हणाले, "बाबा, तुमच्या सिस्टीममध्ये एकदा डोकावू द्या मला. बरंच सुधारता येईल." झालं. भाऊंचा ऊर भरून आला. त्यांनी तिथल्या तिथेच मला फोन लावला.

"ताई, जावईबापूंना आत घ्यायचंय. काय दाबायचं?"

मी म्हटलं, "त्यांना व्ह्यूअर करा भाऊ. सगळं दिसेल, सुचवायचं ते सुचवतील, बदल मी करीन."

"म्हणजे नुसतं बघायचं?"

"हो."

"अहो, जावयाला काय बघ्या करू का मी? धोंड्याच्या महिन्यात? घरात माझं तोंड राहील का?"

मी पुष्कळ सांगितलं. अधिकार म्हणजे आहेराची शाल नव्हे, की मोठ्या माणसाला भारीतली द्यायची. ज्याला जेवढं काम, त्याला तेवढीच किल्ली. पण सासऱ्याला जावई म्हणजे दहावा ग्रह, त्याच्यापुढे माझं कोण ऐकणार. मी सांगत नाही म्हटल्यावर जावईबापूंनीच लॅपटॉप मांडीवर घेतला आणि स्वतःला मालक करून घेतलं. भाऊंनी फक्त ओटीपी वाचून दाखवला. मागाहून ऐकलं की भाऊंकडच्या वहिनींनी त्या लॅपटॉपलाही हळदीकुंकू लावलं होतं. जाताना पाहुण्यांनी सुरक्षेसाठी म्हणून भाऊंच्या खात्याला दुसरं कुलूप लावलं आणि त्याचा कोड स्वतःच्या मोबाइलवर येईल अशी सोय केली. भाऊंना वाटलं, जावयाला किती काळजी!

आता चोपड्याकडच्या आक्कांविषयी सांगते. सातपुड्याच्या पायथ्याला त्यांचा केळीचा मळा आहे. नवरा वारला, मुली आपापल्या घरी. मळा त्या स्वतः बघतात आणि झकास बघतात. आमचा डबा घेणाऱ्या पहिल्या काही जणांत त्या होत्या. त्याचं कारण बिबट्या. शेतीची लाइट एका आठवड्यात दिवसा तर एका आठवड्यात रात्री येते, आणि रात्रपाळीच्या आठवड्यात मोटार सुरू करायला विहिरीवर जायचं म्हणजे जीव मुठीत घेऊन जायचं. डबा लावल्यापासून त्या खाटेवर बसून बटण दाबतात. मला कधीमधी फोन करतात. काम नसलं तरी विचारतात, "तू शे ना तठे?" म्हणजे, तू आहेस ना तिथे. मी म्हणते, "शे आक्का." तेवढ्यावर त्यांचं समाधान होतं.

जावई येऊन गेल्यानंतर दोनच दिवसांनी त्यांचा फोन आला. उन्हं अशी की डांबर पायाला चिकटत होतं. त्या म्हणाल्या, "मायबाई, रातले मन्ही मोटर चालू व्हयनी नही. फोन म्हनस, परवानगी नही. मन्ही मोटरले मन्हीच परवानगी नही का?"

त्यांच्यामागोमाग फोनच फोन. पारोळ्याहून, शिरपूरहून, नरडाण्याकडून. मी सर्व्हर उघडला. सर्व्हर ठणठणीत. मग खाती उघडली आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

क्लाउडवर नुसत्या माणसांची खाती नसतात, यंत्रांचीही असतात. आमच्या डब्यांची तालुकावार खाती होती. प्रत्येक डब्याच्या पोटात त्याच्या खात्याची किल्ली भरलेली. ती दाखवली की सर्व्हर ओळखतो, हा आपला. त्या सगळ्या खात्यांवर कुणीतरी बोळा फिरवला होता. कुणीतरी कशाला, नाव समोरच लिहून आलं होतं. जावईबापूंनी यादी उघडली, त्यात माणसाचं नाव नाही, फोटो नाही, नुसते तालुके आणि आकडे दिसले, आणि त्यांना वाटलं की हे परके लोक आत शिरलेत. विचारायचं कुणाला? विचारणं म्हणजे कमीपणा. चोर सोडून संन्याशाला फाशी! माकडाच्या हाती कोलीत देऊ नये म्हणतात, आमच्याकडे ते ओवाळून दिलं होतं.

अशी पुसलेली खाती काही आठवडे परत उठवता येतात. किल्ल्याही त्यांच्याबरोबर जिवंत होतात. पण ते करायचा अधिकार फक्त मालकाला. म्हणजे जावयाला, किंवा भाऊंना. आणि भाऊंच्या कुलपाचा कोड जावयाच्या मोबाइलवर. खाती उठली नाहीत तर एकच उपाय उरत होता. गावोगाव, मळोमळी हिंडून एकेक डबा उघडायचा आणि नवी किल्ली भरायची. तोवर भर उन्हाळ्यातल्या केळीला पाणी कोण देणार?

मी भाऊंच्या केबिनमध्ये गेले. त्यांनी ऐकून घेतलं, घाम पुसला आणि म्हणाले, "होईल, होईल. पण त्यांना आत्ता कसं बोलू? ते धुळ्याला आमच्या धाकट्या भावाकडे आहेत, तिथेही धोंड्याचं जेवण आहे. वाण दिलं आणि चार दिवसांत चूक काढली, असं व्हायला नको. जरा दमानं घेऊ."

"भाऊ, केळी दमानं घेईल का?"

"तोवर लोकांना म्हणा, मळ्यात जाऊन हातानं चालू करा. पूर्वी करायचेच ना?"

पूर्वी करायचेच ना! मी बाहेर येऊन स्वतःच पाहुण्यांना फोन लावला. ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, अधिकारांचा पहिला नियम माहितीये ना? ज्याला जेवढं काम, त्याला तेवढाच अधिकार. तुमच्याकडे फार पसारा झाला होता. मी क्लीन केलंय. सोमवारी बघू." माझंच वाक्य मला ऐकवत होते! फोन भिंतीवर फेकून मारावासा वाटला, पण तो माझ्या पैशांचा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आक्कांचा पुन्हा फोन आला. आवाज बारीक झाला होता. चोपड्याच्या दवाखान्यातून बोलत होत्या. रात्री लाइट आल्यावर त्या बॅटरी आणि पत्र्याचा डबा घेऊन, तो बडवत मळ्यात गेल्या होत्या. मोटार सुरू केली. परत येताना अंधारात पाण्याच्या चारीत पाय गेला.

"हात मोडना पोरी," त्या म्हणाल्या. "पलस्तर घालं. त्यानं काही नही, पन आज रातले कोन जाई?"

मी लॅपटॉप उचलला, कुणाला विचारलं नाही, कुणाला सांगितलं नाही, आणि धुळ्याची बस धरली. सगळ्या वाटेत मी मनातल्या मनात भांडत होते. पारोळा आलं तरी माझं भांडण संपलं नव्हतं.

भाऊंच्या धाकट्या भावाचं घर मला ठाऊक होतं, माझ्या माहेरापासून हाकेच्या अंतरावर. दारात चपलांचा ढीग. आत पाहुणे पाटावर, भोवती रांगोळी, ताटात पुरणाचे धोंडे, बाजूला अनारशांचं तबक. मी सरळ आत गेले आणि ताटाशेजारी लॅपटॉप उघडून ठेवला.

"आधी ही खाती उठवा," मी म्हटलं. "मग जेवा."

भाऊंचा भाऊ उठून उभा राहिला. त्यांच्या घरातल्या काकू लगबगीने पुढे आल्या, "अवो ताई, आधी पाव्हनासले जेवू द्या." पाहुण्यांनी माझ्याकडे न बघता तुपाची वाटी पुढे ओढली आणि म्हणाले, "मी सोमवारी बघतो म्हटलंय." माझ्या अंगाची लाहीलाही होत होती. पण मी तिथे अजून चार शब्द बोलले असते तर गोष्ट माझ्या उद्धटपणाची झाली असती. म्हणून मी आक्कांना फोन लावला, स्पीकर सुरू केला आणि फोन रांगोळीवरच ठेवला. म्हटलं, आक्का, भाऊंचे जावई समोर बसलेत, आता तेच मालक, बोला.

आक्का चिडल्या नाहीत. जावयाशी बोलायचं तसं अदबीनं बोलल्या.

"जवाईबापू, मन्हा हात मोडेल शे. आज रातले दहाले लाइट येई. मळामा बिबट्या शे, एकली बाईनं कसं जावानं? तुम्ही येतस का मोटर चालू कराले?"

काकूंच्या हातातली तुपाची लोटी तशीच राहिली. पाहुण्यांचे कान लाल झाले. त्यांनी डाव्या हाताने लॅपटॉप ओढला आणि एकेक खातं उठवायला लागले. किती वेळ लागला म्हणाल? ताटातलं पुरण निवलंसुद्धा नाही. एवढ्याशा कामासाठी त्या बाईचा हात मोडला होता! मी लॅपटॉप मिटला, काकूंना नमस्कार केला आणि बाहेर पडले. "जेवून जा" असं मला कुणी म्हटलं नाही.

परतीच्या बसमध्ये भाऊंचा फोन आला. मोटारी सुरू झाल्याचं त्यांना कळलं होतं, पण त्याबद्दल एक अक्षर नाही. "ताई, तुम्ही पाहुण्याच्या ताटावर जाऊन बसलात. आमच्या घरात असं कधी झालं नाही. मुलगी रडतेय माझी." मी म्हटलं, आक्कांचा हात मोडलाय भाऊ. ते म्हणाले, "त्याचं वाईट वाटतंच. पण रीत ती रीत."

दुसऱ्या दिवशी कामावर जाऊन सर्व्हर उघडला. सगळे डबे बोलत होते. शिरपूरचे, पारोळ्याचे, चोपड्याचे. एका डब्याची जुनी नोंद दुरुस्त करायला गेले तर पडद्यावर अक्षरं आली, परवानगी नाही. दुसरीकडे गेले, परवानगी नाही. शेवटी माझं स्वतःचं खातं उघडून पाहिलं. माझ्या नावापुढचं एडिटर गेलं होतं आणि व्ह्यूअर आलं होतं. पाहुण्यांनी पुण्याला जाता जाता नियम लावला होता.

भाऊंकडे गेले. ते पेपर वाचत होते. "चार दिवस जाऊ द्या," म्हणाले, "राग शांत होऊ द्या त्यांचा. तसंही सगळं चालू आहेच की. तुम्ही फक्त लक्ष ठेवा." जावयाला बघ्या करणं त्यांना जमलं नव्हतं. मला करायला त्यांना काही जड गेलं नाही.

धोंड्याचा महिना संपला, आखाड लागला, आणि ते चार दिवस अजून जातच आहेत. मी रोज नऊला येते आणि पडद्यासमोर बसते. कुठला डबा सुरू, कुठला बंद, सगळं दिसतं. काही पेटलं तर ते जळतानाही मला नीट दिसेल.

परवा आक्कांचा फोन आला. पलस्तर निघालं होतं. मोटार छान चालते म्हणाल्या, आणि सवयीने विचारलं, "तू शे ना तठे?"

नेहमीसारखं शे म्हणून मोकळी होणार होते, पण त्या बाईला खोटं कसं सांगू? मी म्हटलं, "आक्का, मी आहे इथे, पण माझ्याकडची किल्ली काढून घेतलीय. आता पुन्हा तसं झालं तर मला फक्त दिसेल. करता काहीच येणार नाही."

मग आक्का म्हणाल्या, "मंग तू तठे कसाले शे?"