विद्यापीठाचं नाव न सांगणारी माणसं

“सर, ड्राइव्ह कॅन्सल करना पड़ेगा,” हैदराबादहून एचआरच्या मॅडम फोनवर म्हणाल्या. “आपकी युनिव्हर्सिटी हमारी लिस्ट में नहीं है.”

मी गोंदियातल्या एका कॉलेजात केमिस्ट्री शिकवायचो आणि प्लेसमेंटही बघायचो. प्लेसमेंट म्हणजे पोरांना नोकऱ्या लावून देणं. कंपनीची माणसं कॉलेजात येऊन परीक्षा आणि मुलाखती घेतात, त्याला कॅम्पस ड्राइव्ह म्हणतात. औषधं बनवणारी ही कंपनी पहिल्यांदाच आमच्याकडे येणार होती. त्यांच्या लॅबला एम.एस्सी. झालेली मुलं हवी होती. हॉल झाडून झाला होता, पाहुण्यांचं जेवण सांगून झालं होतं.

“कोणती लिस्ट?” मी विचारलं.

“रँकिंग की. मॅनेजमेंट का नया रूल है. टॉप हंड्रेड के बाहर नहीं जाना.”

रँकिंग करणारे संशोधन बघतात, इमारती बघतात, प्राध्यापक किती ते बघतात. शिवाय ‘परसेप्शन’चे गुण असतात. सोप्या भाषेत सांगायचं तर, ज्यांनी तुम्हाला कधी पाहिलेलं नाही त्यांना तुमच्याबद्दल काय वाटतं, त्याचे गुण. आमच्याबद्दल कोणाला काही वाटतच नव्हतं. सरकारी विद्यापीठ आणि त्याला जोडलेलं राज्याच्या टोकावरचं कॉलेज. परीक्षा उशिरा, निकाल त्याहून उशिरा. ही ख्याती काही खोटी नव्हती. पण आमची पोरं लॅबमध्ये स्वतःच्या हातानं काम करायची, आणि ते यादीत कुठेच दिसत नव्हतं.

“मॅडम, एकदा मुलं तर बघा.”

“सर, आपके यहाँ का एक भी एम्प्लॉयी आज तक हमारे पास नहीं है. मैं मॅनेजमेंट को क्या दिखाऊँ?”

आता मात्र माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कारण माझाच विद्यार्थी बिसेन त्यांच्या क्वालिटी लॅबमध्ये कित्येक वर्षं होता. दिवाळीत घरी आला की पेढे घेऊन मला भेटायला यायचा. पण हे सांगायच्या आत मॅडमनी फोन ठेवला होता.

मी प्राचार्यांकडे गेलो. ते म्हणाले, “मनावर घेऊ नका हो. पुढच्या वर्षी पाहू.” प्राचार्यांना पुढचं वर्ष होतं. पोरांना नव्हतं.

परत आलो तर केबिनबाहेर पूर्णिमा रहांगडाले उभी. कामठ्याची मुलगी, एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला, प्रयोगात हात अत्यंत स्वच्छ. नोकरी लागली नाही तर तिला मामाच्या हार्डवेअरच्या दुकानात बसवायचं, असं घरी ठरलं होतं. मामा माणूस चांगला होता, पण हिला लॅब हवी होती. ड्राइव्ह किती वाजता म्हणून विचारायला आली होती. मी खरं ते सांगितलं.

ती म्हणाली, “दोन वर्षं लॅबमध्ये घासून आता खिळे तोलू काय, सर?”

मी तिच्यासमोरच बिसेनला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

“काय रे, तुमच्या एचआरला तू दिसत नाहीस का?”

बिसेन घुटमळला. “सर, मी बायोडाटात इथला डिप्लोमा वर लिहिलो आहो. एम.एस्सी. खाली.”

“आणि विद्यापीठ?”

“ते नाही लिहिलो जी.”

“काऊन?” रागावलो की मीही गावच्या बोलीवर येतो.

“कायले लिहू, सर? जॉइन झालो तवा एकानं विचारलं, गोंदिया कुठं आलं? सगळे हसले. मंग मी हैदराबादलाच शिकलो म्हणून सांगून राहिलो. आता प्रमोशन आहे. आता कसं सांगू?”

मी त्याला यथेच्छ झापलं. राग यादीवरचा होता, वड्याचं तेल वांग्यावर निघत होतं. तेवढ्यात पूर्णिमा टेबलावरच्या फोनकडे वाकली.

“भाऊ, मी पूर्णिमा. तुमची ज्युनिअर. तुमी लपवता, म्हणून आमाले कोनी ओळखत नाही. तुमाले तर नोकरी भेटली. आता तरी सांगा ना.”

तिकडून फोन कट झाला. पोरीनं घाई केली, असं मला वाटलं. जेवणवाल्याला मी नाही म्हणून कळवलं आणि मुलांना काय सांगायचं याची जुळवाजुळव करत घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी बिसेनचाच फोन आला. आवाज एकदम मोकळा.

“सर, सांगून टाकलो. कॅन्टीनमध्ये सगळ्यांसमोर. आमचे साहेब म्हणाले, तो क्या हुआ? काम तो ठीक करते हो.”

“झालं मग!”

“पुढं ऐका तर. माझ्या बाजूच्या टेबलावरचा मडावी उठून म्हणाला, मैं भी वहीं का हूँ. तिरोड्याचा निघाला, सर! इतकी वर्षं सोबत डबा खाऊन राहिलो आमी, अन् एकमेकांशी हिंदीत बोलून राहिलो.”

मी हसलो खरा, पण वाईटही वाटलं. आपल्याच गावचं नाव सांगायची एवढी लाज या पोरांना कोणी लावली?

संध्याकाळी मॅडमचा फोन आला. यादीचा नियम त्यांच्या हातात नव्हता, पण दुसरा एक रस्ता होता, रेफरलचा. कंपनीतला माणूस स्वतःच्या नावावर एखाद्याची शिफारस करतो. त्याला यादी लागत नाही. नवा माणूस कच्चा निघाला तर शिफारस करणाराही तोंडघशी पडतो. ऐन प्रमोशनच्या तोंडावर बिसेनने आणि मडावीने आमच्या मुलांची नावं दिली होती.

मुलाखती नागपुरात झाल्या. पूर्णिमाला विचारलं, कुठून शिकलात? तिनं विद्यापीठाचं पूर्ण नाव सांगितलं, मग कॉलेज, मग गोंदिया, आणि कोणी विचारलं नसताना कामठाही. दोघांची निवड झाली, ती आणि आणखी एक मुलगा. बाकीचे हात हलवत परत आले, कारण तयारी कमी होती. त्याचं खापर रँकिंगवर फोडता येत नव्हतं. बिसेनला प्रमोशन मिळालं. मामानं दुकानात दुसरा माणूस ठेवला आणि भाचीच्या नोकरीचे पेढे गावभर वाटले.

पुढच्या वर्षी मॅडमनी स्वतःहून फोन केला. “सर, इस बार कॅम्पस पे ही आते हैं.”

“आणि लिस्ट?”

“लिस्ट में तो आप अभी भी नहीं हो. लेकिन लॅब वाले पूछ रहे हैं, पूर्णिमा के कॉलेज कब जाना है.”

आमच्या विद्यापीठाची रँक वर नेणं माझ्या हातात कधीच नव्हतं. रिटायर होईपर्यंत पास होणाऱ्या प्रत्येक पोराला मात्र मी एकच सांगत राहिलो. नोकरी लागली की पहिल्याच दिवशी कुठून आलात ते सांगा. हसले तर हसू द्या. मग तुमच्या मागून येणाऱ्याला गोंदिया कुठं आलं ते परत सांगावं लागणार नाही.