काठावर पास

पडदेवालीने ते भांडण जिन्यात उभं राहून ऐकलं. दोन्ही हातांत शिवलेल्या पडद्यांचा गठ्ठा, वरचा पडदा हनुवटीखाली दाबलेला. म्हणजे दार ढकलायची सोय नाही आणि तोंड उघडायचीही नाही. आत सासू आणि नणंद तिच्याच गळ्यावरून एकमेकींचा गळा धरायच्या बेतात होत्या.

"काठावर आहे म्हणाले ना डॉक्टर? काठावर पास म्हणजे पासच!" सासूबाई म्हणत होत्या. "तुझे बाबा सगळी शाळा काठावर पास झाले. काही अडलं त्यांचं? नोकरी केली, घर केलं, तुला जन्माला घातलं."

"आई, बाबांचा गळा कुणी तपासला नव्हता. काठावर म्हणजे पडायला आलेलं. भांडं ओट्याच्या काठावर ठेवलं की ओरडतेस ना?"

"भांडं वेगळं, सून वेगळी!"

"तेच म्हणतेय मी! भांड्याची काळजी जास्त घेतेस."

मग काहीतरी आपटलं. बहुधा भांडंच असावं. नवरा पेपर वाचत होता, म्हणजे पेपराच्या आड बसला होता. आणि जिचा निकाल लागत होता तिला आत बोलवायचं कुणालाच सुचलं नाही.

झालं होतं एवढंच. पडदेवाली तेव्हा फार दमायची. मशीनवर बसल्या बसल्या डोळा लागायचा, सगळे पंखे लावून बसलेले असताना हिला थंडी वाजायची. सासूबाई लाडाने आणि थोड्या रागाने तिला गोगलगाय म्हणायच्या. म्हणून नवरा डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी गळा चाचपला, रक्त तपासलं आणि सांगितलं, थायरॉइड जरा मंद चालतंय, अजून आजार म्हणावा असं नाही, काठावर आहे. त्यापुढे आणखी एक वाक्य होतं. पण 'काठावर' ऐकून नवऱ्याचा जीव असा धपकन भांड्यात पडला, की पुढचं वाक्य बाहेर सांडलं. तो उठून चपला शोधायला लागला. आणि ती? तीही शाळेत दरवर्षी काठावरच पास झालेली. वरच्या वर्गात बसायला मिळालं की बास, मार्क कोण विचारतंय! हसत हसत घरी आली.

तेव्हा तिला मुलाची घाई नव्हती. पुढच्या वर्षी झाली. आणि एकदा झाली ती मग थांबेना.

महिना भरत आला की तिचं मशीन हळू चालायचं. तिला वाटायचं, जोरात पाय मारला तर आत काही हललं म्हणजे? मग एखाद्या सकाळी कळायचं की हलण्यासारखं काही नव्हतंच. तोंडावर पाणी मारून ती कामाला जायची. सासूबाई आधी विचारायच्या, "काही आहे का गं?" मग त्यांनी विचारायचं सोडलं. ते न विचारणं जास्त लागायचं.

दुकानात लोकांच्या खिडक्यांचं माप घ्यायचं, पडदे शिवायचे, नेऊन लावायचे, हे तिचं काम. एकदा कुणाच्या तरी पडद्यातून पिवळ्या मऊ कापडाचा तुकडा उरला. मालकीणबाई म्हणाल्या, "घेऊन जा, पुसायला होईल." तिने तो पुसायला घेतला नाही. घडी करून मशीनच्या खणात ठेवला. एका झबल्यापुरता होता.

दिवसाचं शेवटचं काम म्हणजे दुकान बंद करून किल्ली वर मालकीणबाईंच्या घरी द्यायची. वर त्यांची नात होती, पाळण्यातली. पडदेवाली बेल वाजवायची नाही, बोटाने टिचकी मारायची. दार उघडलं की दुधाचा आणि पावडरचा वास यायचा. किल्ली द्यायला लागतो त्याहून जरा जास्त वेळ ती उभी राहायची. मालकीणबाई शहाण्या. त्या कधी "अजून काही?" म्हणाल्या नाहीत.

पुढे एका बायकांच्या दवाखान्याचे पडदे आले. ती स्टुलावर चढून माप घेत होती. खाली बाकावर पोटुशा बायका रांगेने बसलेल्या. त्यांच्याकडे बघायचं नाही म्हणून ती टेपकडेच बघत होती. डॉक्टरीणबाई येऊन म्हणाल्या, "पडदा अगदी काठावर नका हं संपवू. जरा पुढे घ्या."

टेप हातातून सुटून घरंगळला.

"बाई, काठावर म्हणजे पासच ना?"

"कोण, पडदा?"

"नाही. मी."

"आधी स्टुलावरून उतरा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

आत खुर्चीत बसून तिने सगळं सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं. "एरवी त्या काठावर कुणी बसलं तर बऱ्याचदा आम्ही नुसतं लक्ष ठेवतो. पण मूल हवं असेल तर आकडा काठावर नको, जरा आत हवा. पहिले काही महिने बाळाचं थायरॉइड चालू झालेलं नसतं, ते आईच्याच वाट्यातलं घेतं. तुमचं अडलंय ते यामुळेच, असं मी म्हणणार नाही. आज रक्त देऊन जा. नवऱ्यालाही तपासायला पाठवा."

पडदेवाली म्हणाली, "पडद्याला कापडाचा काठ चालतो. झबल्याला नाही चालत. बोचतो."

घरी सांगितल्यावर नवऱ्याचा चेहरा उतरला. "डॉक्टर मागून काहीतरी म्हणत होते खरे," तो म्हणाला. "मला वाटलं, दार लावून घ्या म्हणतायत." पुढे तोही मुकाट्याने तपासून आला. त्याचं सगळं ठीक निघालं. सासूबाई संध्याकाळी लेकीला फोन लावून एवढंच म्हणाल्या, "भांडं आत सरकवतेय गं."

तिचं रक्त पुन्हा काठावरच निघालं, आणि गोळी सुरू झाली. सकाळी रिकाम्या पोटी, पाण्याबरोबर. चहा नंतर, चांगला वेळ जाऊ देऊन. सासूबाई आपल्या हाताने चहा करायच्या, त्यावर झाकण ठेवायच्या आणि पहाऱ्याला बसायच्या. "अजून नाही! गोळीला आधी घरात शिरू दे." नवरा निमूटपणे ताटकळायचा. त्याला गोळी नव्हती, पण बायकोच्या आधी चहा घ्यायची त्याची छाती होईना.

काही आठवड्यांनी रक्त पुन्हा तपासलं. "आलात काठाच्या आत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पुढचं माझ्या हातात नाही. दिवस चुकले तर मात्र लगेच या, गोळी वाढवावी लागेल बहुधा."

सासूबाईंना वाटलं, आता माप दिलंय म्हणजे पडदा तयारच. तसं कुठे होतं? तो महिना गेला. त्याच्या पुढचाही गेला. थकवा गेला, थंडी गेली, गोगलगाय पळायला लागली. पण खणातली घडी तशीच. आणि आज सकाळी पुन्हा तोंडावर पाणी.

संध्याकाळी दुकान रिकामं झाल्यावर पडदेवालीने तो पिवळा तुकडा काढला. मांडीवर घेऊन हाताने सपाट केला. शिवायला घेतला नाही, एवढं धाडस नाही होत. पण कात्री घेतली आणि काठ तेवढा कापला. सरळ, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. कापलेली कडक पट्टी टोपलीत टाकली. तुकडा गालाला लावून पाहिला. कुठेच बोचत नव्हता. पुन्हा घडी केली, पुन्हा खणात ठेवला.

दिवे मालवले, कुलूप लावलं. किल्ली वाजू नये म्हणून मुठीत घट्ट धरून ती जिना चढली, आणि आत नात झोपलेली असणार म्हणून दारावर बोटानेच टिचकी मारली.