चाळीस टक्क्यांची खोली

बोरिवलीच्या आमच्या हॉस्पिटलात दर बुधवारी दिव्यांग सर्टिफिकेटची तपासणी असते. मी फिजिओथेरपिस्ट. हात किती वर जातो, पायात ताकद किती, हे मी मोजते आणि हाडांचे डॉक्टर सामंत सर त्यावरून टक्के ठरवतात. चाळीस भरले तर राखीव नोकरी, सवलती. एकोणचाळीस आले तर काही नाही. त्या एका टक्क्यापायी इतके किस्से जमलेत की नवरा म्हणतो, "घरी तरी टक्के नको गं." पण सांगितल्याशिवाय मला राहवतच नाही.

*

कांदिवलीचे एक रिटायर्ड बँकवाले काका. हाताचे तीस टक्के, पायाचे तीस. सरांनी लिहिले पन्नास.

"तीस आणि तीस साठ होतात," काका म्हणाले. "आयुष्यभर कॅशला बसलोय मी."

सरांनी समजावलं की ही सरळ बेरीज नसते. नव्वदातून हाताचे गेल्यावर जे उरतं, त्या प्रमाणात पायाचे धरतात. काकांनी ते सूत्र कागदावर मागून घेतलं, बाहेर बाकावर तीनदा गणित केलं आणि परत आत आले.

"बरोबर आहे. पण ही पद्धत पास कुणी केली?"

आमचे शिपाई परब मामा मालवणचे. ते दारातूनच म्हणाले, "काका, पन्नास गावले ना? मगे जावा आता घराक."

*

सगळे टक्के वाढवा म्हणतात. नाहूरचा मोबाइल रिपेअरवाला संतोष एकटाच कमी करा म्हणाला. लहानपणच्या पोलिओचे त्याला सत्तर आले होते.

"सर, पन्नास लिहा ना. रविवारी मुलगी बघायला चाललोय."

"हे काय भाजी मार्केट आहे?" सर भडकले.

महिनाभराने तो पेढे घेऊन आला, जोडीला ती मुलगी. पठ्ठ्याने पहिल्याच भेटीत सर्टिफिकेट समोर ठेवलं होतं. ती म्हणाली, "पोह्यांच्या आधी कागद दाखवणारा हा पहिलाच." शुगर असून सरांनी दोन पेढे खाल्ले.

*

खोटं लंगडणारे मी दोन मिनिटांत ओळखते. मला वैताग आणतात ते ठणठणीत असल्याचं नाटक करणारे.

वैशाली त्यातली. जन्माच्या वेळी तिचा डावा खांदा ओढला गेला, तेव्हापासून तो हात नीट वर जात नाही. क्लार्कच्या राखीव जागेवर निवड झालेली, फक्त सर्टिफिकेट द्यायचं बाकी. चाळीस भरले नाहीत तर जागा दुसऱ्याला जाणार होती.

आमच्याकडे रोजची दहा कामं करून दाखवायची असतात. ग्लास उचला, बटण लावा, नाडी बांधा, वेणी घाला. जे जमत नाही त्याचे टक्के मिळतात. आणि ही बया काय करते? बटणं झटक्यात लावली. वरच्या फळीवरचा डबा काढ म्हटलं तर कमरेतून अशी वाकली, की हात वर गेल्यासारखाच दिसावा.

"अगं, वाकू नकोस."

"सवय आहे, मॅडम."

वेणी विचारली तर म्हणाली, "जमते." पाठीवर लांब, घट्ट वेणी होतीच.

सरांनी पेन खाली ठेवलं. "काय जमतं ते कळलं. आता काय जमत नाही ते दाखव."

"ते आजवर कुणाला दाखवलं नाही, सर."

अशा पोरींचा मला भारी अभिमान वाटतो, पण त्या क्षणी तिचा रागच आला. म्हटलं, "वैशाली, नोकरी हवी ना तुला?"

ती उठली. दार स्वतः लावलं आणि वेणी सोडली. उजव्या हातात केस धरले. डावा हात कानापर्यंत आला आणि पडला. परत उचलला, परत पडला. तिसऱ्यांदा उजव्या हाताने डाव्या कोपराला टेकू दिला, तर केसच सुटले. सगळा वेळ ती आमच्याकडे सरळ बघत होती.

सरांनी लिहिलं, मी हिशोब दोनदा तपासला. त्रेचाळीस. त्यात एकही टक्का मेहेरबानीचा नव्हता, हे मी छातीठोक सांगते.

ती मोकळ्या केसांनीच बाहेर धावली. बाकावर तिची आई बसली होती. तिने लेकीचे केस बघितले. पर्समधून कंगवा काढला, तिला पुढ्यात बसवलं आणि वेणी घालायला लागली.

"आई, त्रेचाळीस आले."

"बरं. मान हलवू नकोस."