मोरपिशी तख्ता

बसा, सांगते. पण एक अट आहे. मध्येच "तुला कळलं कसं नाही गं?" असं कुणी विचारायचं नाही. तो प्रश्न मला आख्ख्या गावाने विचारून झालाय, आणि पुण्याहून सासूबाईंनी फोन करून वेगळा विचारला. नाही कळलं मला. बस.

आम्ही तेव्हा नुकतेच समालख्याला राहायला आलो होतो. दिल्लीहून पानिपतला जाताना वाटेत लागतं ते. माझा नवरा अरुण केंद्र सरकारच्या नोकरीत, आणि रिटायरमेंटच्या आधीची शेवटची पोस्टिंग इथल्या छोट्याशा ऑफिसात निघाली. मी गुरुग्रामच्या कंपनीतली नोकरी सोडली आणि एकविसाव्या मजल्यावरून थेट जमिनीवर उतरले.

गुरुग्रामच्या सोसायटीत अकरा वर्षं काढली, पण समोरच्या फ्लॅटमधल्या बाईंचं नाव मला शेवटपर्यंत कळलं नाही. आणि इथे? तिसऱ्या दिवशी शेजारच्या बिमलाभाभी दार न वाजवता आत आल्या, आमचा फ्रिज उघडून बघितला, "बस, इतना ही?" म्हणाल्या आणि घरी जाऊन तांब्याभर लस्सी घेऊन आल्या. आम्ही मराठी आहोत कळल्यावर तर भेटेल तो माणूस न विचारता काला अंबचा, म्हणजे पानिपतच्या लढाईच्या स्मारकाचा, रस्ता सांगायचा. मी खूश होते. माणसं असावीत तर अशी, असं रोज संध्याकाळी अरुणला ऐकवायचे.

त्यात मला नाद लागला जुनं फर्निचर रंगवायचा. क्वार्टरच्या मागच्या खोलीत आधीच्या साहेबांनी टाकून दिलेली दोन स्टुलं आणि एक मेज होतं. रेल्वे फाटकाजवळ सतपाल मिस्त्री बसायचे, त्यांच्याकडे शिकायला जायला लागले. त्यांनी दहा दिवस मला ब्रशला हातच लावू दिला नाही. नुसता पॉलिशपेपर. "पहले घिसना सीखो जी. रंग तो कोई भी लगा देता है." लाकडाच्या रेषेरेषेने घासायचं, धूळ पुसायची, प्राइमर लावायचा, मग रंगाचे पातळ दोन हात द्यायचे. हे सगळं मी शिकले आणि मग घरातलं एक लाकूड सोडलं नाही. अरुण ऑफिसातून आला की बसायच्या आधी खुर्चीला बोट लावून बघायचा.

घरातलं सगळं रंगवून संपलं. आणि मग मला तो तख्ता दिसला.

एका कीर्तनाला बायकांबरोबर धर्मशाळेत गेले होते. तिथे सतरंज्यांच्या खोलीत, दाराआड, भिंतीला टेकवून ठेवलेला. सहा फूट लांब, अडीच फूट रुंद, बुटके पाय. जुनं शिसवी लाकूड. कडेकडेने बारीक पन्हळ कोरलेली आणि एका टोकाला एक गोल भोक. मला वाटलं, काय जुन्या काळची कारागिरी आहे. आपल्या व्हरांड्यात चहाचं टेबल म्हणून काय शोभेल. रात्रभर माझ्या डोळ्यांपुढे त्याचा रंगसुद्धा ठरला. मोरपिशी.

आता पुढचं नीट ऐका.

दोन-चार दिवसांनी पहाटेच अरुणला दिल्लीहून फोन आला. कुठल्याशा फाइलीवरून मुख्य ऑफिसात बोलावलं होतं. तो पाच वाजता सरकारी गाडीने निघून गेला. दिवस मोकळा मिळाला म्हणून मी सात वाजताच धर्मशाळेत हजर. तिथले चौकीदार म्हणजे रामफल ताऊ, सत्तरीचे, अगदी कमी बोलणारे.

मी म्हटलं, "ताऊजी, वो अंदरवाला तख्ता चाहिए था."

ताऊ एकदम उठून उभे राहिले. "किसके लिए, बेटी?"

"अपने ही घर के लिए."

"घर में… साहब?"

"साहब तो सुबह पाँच बजे चले गए. मैं अकेली हूँ. आप बस रेहड़ी पर रखवा दो, बाकी मैं कर लूँगी."

ताऊंनी डोक्यावरचं पागोटं सारखं केलं आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. "अकेली क्यों करेगी? हम सब किसलिए हैं?"

मला भरून आलं हो. एका टेबलासाठी इतकी माया! गुरुग्रामला ड्रिल मशीन मागितलं असतं तर सोसायटीच्या ग्रुपवर तीन दिवस वाद चालला असता.

तख्ता हातगाडीवरून घरी आला. मी मागच्या अंगणात कामाला बसले. रंगकामाचा माझा ठरलेला एक जुना पांढरा कुर्ता होता. घासताना अडकू नयेत म्हणून बांगड्या काढून ठेवल्या, मंगळसूत्र काढून ठेवलं. मे महिन्यातला घाम, त्यात टिकली कुठे गेली देव जाणे. केस मोकळे. आणि लाकडाची धूळ डोळ्यांत जाऊन दोन्ही डोळे लालभडक, त्यातून पाण्याची धार. हे चित्र डोळ्यांपुढे आणा आणि तसंच राहू द्या.

नऊ वाजता बिमलाभाभी आल्या. मी दार उघडलं. त्यांनी माझ्या रिकाम्या हातांकडे बघितलं, गळ्याकडे बघितलं आणि मला गच्च मिठी मारली.

"साहब चले गए?" त्या म्हणाल्या.

"हाँ भाभी, सुबह ही."

"ऐसे अचानक?"

"क्या करें? ऊपर से बुलावा आ गया."

"हाय. ऊपरवाले के आगे किसकी चलती है."

"बिल्कुल," मी म्हटलं. "परसों ही छुट्टी माँगी थी इन्होंने. उसने दी ही नहीं."

माझा 'ऊपरवाला' म्हणजे दिल्लीतले डायरेक्टर, हे तुम्हाला कळलं. बिमलाभाभींना कसं कळावं?

त्यांनी नाक पुसलं. "जाते समय कोई तकलीफ तो नहीं हुई?"

"तकलीफ कैसी? चाय पी और निकल गए."

"पुण्यात्मा थे," भाभी म्हणाल्या. हे मात्र मला जरा जास्त वाटलं. अरुण चांगला आहे, पण पहाटे उठून ऑफिसला गेला म्हणून पुण्यात्मा? मी त्याचं खापर समालख्याच्या गोडव्यावर फोडलं आणि गप्प बसले.

निघताना त्यांनी हळूच विचारलं, "अब… कब तक लाएँगे?"

"शाम को. सरकारी गाड़ी छोड़ जाएगी."

"बच्चों को खबर कर दी?"

"उन्हें क्यों परेशान करूँ? छोटी के इम्तिहान चल रहे हैं. रविवार को फोन आएगा तब बता दूँगी."

भाभी माझ्याकडे बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, "बड़ी हिम्मत है तुममें."

त्यानंतर घरात रीघ लागली. एक बाई येते, मला मिठी मारते, डबा ठेवते, जाते. कुणी डाळ आणली, कुणी रोट्या, कुणी दह्याचं भांडं. "आज चूल्हा मत जलाना," प्रत्येकीने बजावलं. उन्हाळ्याचा आणि कामाचा केवढा विचार करतात, असं म्हणून मी प्रत्येकीचे आभार मानले. एकीने तर हॉलमधला सोफा सरकवून खाली पांढरी चादर अंथरली. मला वाटलं, रंग सांडू नये म्हणून. बाकीच्या येऊन तिच्यावर बसल्या. मी मध्येच "एक मिनट, मेरा काम सूख जाएगा" म्हणून उठून मागे जायचे, दोन हात ब्रश फिरवायचे आणि परत येऊन बसायचे. मी गेले की हॉलमध्ये कुजबुज चालायची. एकदा कानावर आलं, "सदमा लग गया है बेचारी को."

कुणा बेचारीबद्दल बोलतायत म्हणून मी चौकशीसुद्धा केली. एकीने मला पाणी आणून दिलं.

चार वाजेपर्यंत तख्ता तयार झाला. तासाभरात वाळणारा रंग होता, त्यात मेचं ऊन. मोरपिशी रंगाचे दोन हात, आणि चारी कोपऱ्यांत मी पिवळी झेंडूची फुलं काढली. पन्हळीला सोनेरी रेघ ओढली. खरं सांगते, आजवर त्याहून सुंदर काम माझ्या हातून झालेलं नाही.

पाच वाजता पुढे गलका ऐकू आला म्हणून दार उघडलं. फाटकाबाहेर साठ-सत्तर माणसं. पुरुष डोक्याला गमछे बांधून उभे. सतपाल मिस्त्री आमच्या अंगणात उकिडवे बसून दोन लांब बांबूंना आडव्या काठ्या बांधत होते. मला बघून त्यांनी मान खाली घातली.

बांबूंना काठ्या कशासाठी बांधतात ते मलाही माहीत आहे. पण माझ्या डोक्यात आलं काय, की बिमलाभाभींच्या सासूबाई गेल्या. त्या ब्याण्णव वर्षांच्या होत्या. आणि सकाळपासून ही सगळी मंडळी त्यांच्याकडे जाता-जाता माझ्याकडे टेकत होती, आणि मी दही ठेवून घेत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात रामफल ताऊ पुढे आले. "बेटी, गाड़ी रेलवे फाटक पार कर गई है. पानी गरम है. तख्ता कहाँ है?"

"पीछे है. पर उसका अभी क्या काम, ताऊजी?"

ताऊंनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, जशी आपण तापात बडबडणाऱ्या मुलाकडे बघतो. मग शांतपणे म्हणाले, "बेटी, उसी पर तो नहलाते हैं."

"किसको?"

"जो चला जाता है."

मला सांगा, अशा वेळी माणसाच्या डोक्यात काय होतं? माझ्या डोक्यात दिवसभराचं सगळं एकामागून एक उलटं फिरायला लागलं. पन्हळ. भोक. साहब चले गए. ऊपरवाला. शाम को लाएँगे. चूल्हा मत जलाना. आणि माझ्या तोंडातून शब्द फुटायच्या आत कोपऱ्यावरून सरकारी गाडी वळली.

गर्दी दुभंगली. गाडी थांबली. मागचं दार उघडलं आणि आपली बॅग घेऊन, स्वतःच्या पायांनी, अरुण खाली उतरला.

बिमलाभाभी मटकन खालीच बसल्या.

पण अरुणचं कुणाकडे लक्षच नव्हतं. त्याला दिसत होतं आपलं घर, दाराशी पांढऱ्या ओढण्या आणि अंगणात बांधलेली तिरडी. मी दाराच्या आत, ताऊंच्या मागे होते. मी त्याला दिसतच नव्हते. त्याच्या हातातून बॅग पडली. "मंजू," एवढंच तो म्हणाला, आणि तिथेच फाटकाच्या पायरीवर बसून हमसून हमसून रडायला लागला. तीस वर्षांच्या संसारात मी या माणसाच्या डोळ्यांत पाणी बघितलं नव्हतं, हो. थोरल्या मुलीच्या पाठवणीला तो केटररशी बोलत उभा होता.

मी धावले. कोपरापर्यंत मोरपिशी हात घेऊन त्याच्यापुढे जाऊन उभी राहिले. "अरुण, अरे मी आहे. मला काही झालेलं नाही. तू गेलायस."

त्याने वर बघितलं. रडता रडता म्हणाला, "कुठे गेलोय?"

पुढचा अर्धा तास मी तुम्हाला सांगू शकत नाही, कारण मला तो आठवत नाही. बिमलाभाभी सांगतात की मी प्रत्येकाचे हात धरून "सॉरी जी, टेबल के लिए लिया था" एवढं एकच वाक्य म्हणत होते. मला वाटलं होतं, आता या गावात राहणं संपलं. तोंड दाखवायला जागा नाही. सतपाल मिस्त्री निमूटपणे बांबू सोडत होते. कुणीतरी आधी फिसकन हसलं, मग दुसरं, आणि मग सगळी गल्ली लोटपोट झाली. पाणी गरम होतंच, त्याचा चहा केला. आलेल्या डब्यांतलं जेवण सगळ्यांनी मिळून पांढऱ्या चादरीवर बसून खाल्लं. शेजारी अरुण, जिवंत, सगळ्यांकडून पाठीवर थापा घेत.

मग ताऊ मागे जाऊन तख्ता बघून आले. मी म्हटलं, "ताऊजी, मैं कल ही सब घिसकर उतार दूँगी."

पण ते मला जमलं नाही, कारण त्याच आठवड्यात रेल्वे फाटकापलीकडचे एक म्हातारे सुभेदार खरोखरच गेले आणि ताऊ तख्ता न्यायला आले. मी हात जोडून सुभेदारांच्या मुलाची माफी मागायला गेले. तो तख्त्याकडे बघून म्हणाला, "रहने दो आंटीजी. बापू ने सारी उमर खाकी पहनी. जाते-जाते थोड़ा रंग सही." तेव्हापासून धर्मशाळेच्या कमिटीने तो तसाच ठेवलाय. उलट दर दिवाळीला मला निरोप येतो, फुलं जरा फिकी पडलीत, एक हात मारून द्या. बिमलाभाभींच्या सासूबाई तर परवा मला बोलावून स्पष्ट म्हणाल्या, "मेरी बारी में गुलाबी कर दियो."

आता मैत्रिणी विचारतात, एवढी शिकलीस, कुणी कामाची तारीफ करतं की नाही? काय सांगणार? आख्ख्या समालख्यात माझं एकच काम लोकांच्या उपयोगाचं ठरलं. त्यावर आजवर आठ-दहा जण आडवे झाले असतील. तक्रार एकाचीही नाही. पण डोळे उघडून कुणी अजून बघितलेलंही नाही.