एक्स-रेमधली अर्धी करंगळी

खरं सांगायचं तर हे लिहितानासुद्धा मला लाज वाटतेय. भुताखेतांचं कोणी सांगायला लागलं की तोंडावर हसणारी बाई मी. या सदरातले अनुभव वाचून "काहीतरीच बाई!" म्हणणारी... आणि आज तुमच्याच पंगतीत येऊन बसलेय.

मी गुरांची डॉक्टर. जळगाव जामोदच्या एका दवाखान्यात आसपासच्या खेड्यांतल्या मुलींना मदतनीस म्हणून तयार करते – ऑपरेशनची हत्यारं मांडणं, जनावर आवरणं, एक्स-रेची प्लेट धरणं. स्वभाव माझा तापट. पहिल्याच दिवशी बजावते, किरणं अडवणारे शिशाचे हातमोजे घातल्याशिवाय प्लेटला हात लावायचा नाही. जिचा उघडा हात फोटोत दिसेल, तिनं त्याच दिवशी घरी जायचं.

गेल्या उन्हाळ्यात, भर दुपारी, सोनाळ्याचे एक आजोबा टेम्पोतून कालवड घेऊन आले. पुढचा पाय टम्म सुजलेला. कालवड अशी बिथरलेली की कोणाला जवळ येऊ देईना. आजोबांनी दावं धरलं. माझी विद्यार्थिनी सुषमा एप्रन, मोजे चढवून पायापाशी प्लेट धरून बसली. तेवढ्यात काय झालं कोण जाणे... कालवड एकदम शांत! मान खाली घातली, डोळे अर्धे मिटले. मी बटण दाबलं.

लॅपटॉपवर फोटो आला आणि माझं डोकंच फिरलं. खुराच्या जरा वर, पायाला अलगद धरलेला एक हात. बोटांची हाडं लख्ख! शिशाचा मोजा असता तर नुसता पांढरा गोळा दिसला असता.

"मोजा काढलास ना? ऊठ, पिशवी भर आणि घरी जा!" सगळ्यांसमोर ओरडले मी.

"आईच्यान मॅडम, मोजा हातातच हाये, पाहा ना! काऊन काढीन मी?" सुषमा रडायलाच लागली. या शिक्षणासाठी ती घरच्यांशी भांडून आली होती, आणि ते मला ठाऊक होतं.

आजोबा मात्र स्क्रीनला नाक लावून उभे. "तिले नका बोलू, मॅडम. हा आमच्या घरवालीचा हात हाये. करंगळी पाहा... कडबा कुट्टीच्या मशीनीत अर्धी गेली होती. ह्या कालवडीची माय मेली, तं तिनंच बाटलीनं दूध पाजून जगवली हिले. दिवाळीत गेली बिचारी."

मी पाहिलं. करंगळी खरंच अर्धी होती. सुषमानं मोजे काढून दोन्ही हात पुढे केले – सगळी बोटं धड. आणि मी काय केलं? फोटो पुसून टाकला. म्हटलं, "मशीन बिघडलंय." भीती तर होतीच हो, पण त्याहून जास्त – पोरींसमोर मी खोटी पडले, ते मला सोसलं नाही.

दुसऱ्यांदा प्लेट सुषमानंच धरली, तेव्हा कालवडीला इंजेक्शन देऊन निजवावं लागलं. फोटोत फक्त हाड आणि त्यातली बारीक चीर. सुषमा राहिली. पण "माझं चुकलं" एवढं काही माझ्या तोंडून निघालं नाही.

प्लास्टर झाल्यावर आजोबा दारात घुटमळले. "मॅडम, तो पयला फोटो देता का? तिचा एकबी फोटो नाही घरी. कधी काढूच देला नाही तिनं."

"पुसला, बाबा."

"पुसला?" एवढंच म्हणाले. सुषमा खाली मान घालून फरशी पुसत राहिली.

नंतर मशीन तपासून घेतलं. काही दोष नाही. पुसलेला फोटो परत मिळतो का म्हणून जाणकारांकडे खेटे घातले, नाही मिळाला. भुतं मी आजही मानत नाही – पण मग तो हात कोणाचा? मला खरंच सांगता येत नाही. सुषमाची माफी अजून मागितलेली नाही. हे छापून आलं की आधी तिलाच वाचायला देईन.

प्लास्टर काढायला आजोबा आले, तेव्हा त्या फोटोचा विषय कोणी काढला नाही. कालवड टेम्पोत चढली. आजोबा मागे वळले आणि हात जोडून म्हणाले, "पुन्हा कधी आली ती, तं पुसू नका बरं, मॅडम."