एकदाच विचारणारं घर

शैलाताई गेल्याचं मला माझ्या मुलीनं, रेणूनं कळवलं. दारव्ह्याच्या बाजारात सोयाबीनच्या ढिगापाशी भाव तोडत उभा होतो, तेव्हा जर्मनीहून तिचा फोन आला. तिकडं गेल्यापासूनच्या आठ महिन्यांतला पहिला. "बाबा, ताई गेल्या. तुम्ही जाऊन या," एवढंच बोलली. मी फोन खिशात टाकला आणि आधी सौदा पुरा केला. आज दीड महिना झाला, तरी त्या बाईवरचा माझा राग गेलेला नाही. तो लपवून मला हे लिहायचं नाही.

शैलाताई नागपूरला जर्मन शिकवायच्या. निवृत्तीनंतर इथं भावाकडे आल्या आणि परदेशी जाऊ पाहणाऱ्या नर्स मुलींचा वर्ग पुढच्या खोलीत घेऊ लागल्या. रेणूला मीच तिथं घातलं. रविवारीही शिकवा म्हणून घासाघीस केली, तर म्हणाल्या, "नाही, भाऊ." ना कारण, ना हसणं. मी हातगाडीपासून वर आलेला माणूस. समोरचा "पाहू" म्हणाला की तो माझ्या हातात आला, हे मला ठाऊक. पण नुसत्या 'नाही'ला धरायला जागाच नसते...

एकदा रेणूला न्यायला गेलो, तेव्हा नकार देण्याचा सराव चालला होता. टेबलावर शंकरपाळ्यांचा स्टीलचा डबा. ताई म्हणाल्या, "या भाऊ, आग्रह करायला तुमच्याइतका पक्का माणूस मिळायचा नाही." मी डबा पुढं केला. रेणू म्हणाली, "नाइन, डांके." म्हणजे नको, धन्यवाद. "घे वं, एक तं घे." यावर "लायडर निष्ट", माफ करा, नाही जमत. मी डबा तिच्या हातालाच लावला. तेव्हा ती माझ्याकडं बघत म्हणाली, "आउफ काइनेन फाल." कोणत्याही परिस्थितीत नाही. पोरी हसल्या, मीही हसलो. ताई हसल्या नाहीत. "तिकडं एकदाच विचारतात, भाऊ. लाजेखातर नको म्हटलं तर उपाशी राहावं लागतं. आपल्याकडं पहिले दोन नको कोणी मोजतच नाही."

पुढं कळंबचं स्थळ आलं. रेणू घरी तीनदा नको म्हणाली. पंगतीत वाढप्याला म्हणतात तसलं ते नको, असं धरून मी पाहुणे बोलावले. पोह्यांच्या बश्या ठेवून ती त्यांच्यासमोर उभी राहिली. "काका, मले हे लग्न करायचं नाही. घरी तीनदा सांगितलं." पाहुणे पोहे तसेच टाकून उठले.

मी तडक ताईंकडं गेलो. "तुम्ही शिकवलं तिले हे."

"मी जर्मन शिकवलं. नको तर ती मराठीतच म्हणत होती."

"म्हणजे तुम्हाले माहीत होतं? मंग मले काहून नाही सांगितलं?"

"कोणाला सांगू नका म्हणाली होती."

"मी बाप आहो तिचा. मले सांगाले पायजे होतं."

"नाही, भाऊ."

तोच नाही. त्यानंतर मी ती पायरी चढलो नाही. रेणू निघाली, तेव्हा तिला सोडायलाही गेलो नाही. मध्ये ताईंनी निरोप धाडला, चहाला या. मी "पाहू" म्हणून कळवलं. माझं पाहू म्हणजे नाहीच, हे त्यांना बरोबर समजलं असणार. पुन्हा निरोप आला नाही.

ताई गेल्यावर शेवटी त्यांच्या घरी भेटायला गेलो, तेव्हा त्यांच्या भावानं विचारलं, "चहा घेता?" सवयीनं तोंडून निघालं, "नको." ते "बरं" म्हणाले आणि शेजारी बसले. मी दुसऱ्यांदा विचारायची वाट बघत राहिलो. त्या घरात ती रीतच नव्हती. टेबलावर तोच डबा होता, रिकामा, पुसून ठेवलेला.

तिथूनच मी रेणूला फोन लावला. ताईंच्या घरी आलोय म्हणून सांगितलं. मग विचारलं, "दिवाळीले येतं का?"

"नाही, बाबा."

आईची तब्येत, घराचा रंग, आग्रहाला लागणारं सगळं जिभेवर तयार होतं. आयुष्यभर हेच केलंय मी. डब्याच्या झाकणावर हात दाबून धरला आणि म्हणालो, "बरं."

बोलणं तेवढंच होतं. पण तिनं फोन ठेवला नाही.