दांड्याची फळी, बोरिवलीची भिंत

बरेच दिवस कुणालाच सांगितलं नव्हतं, ते सांगतो. बोरिवलीच्या आमच्या सोसायटीच्या हॉलमधलं भित्तिचित्र, ज्यासाठी मला शाल-श्रीफळ मिळालं, ते माझं नाही. मेगनचं आहे.

मेगन ही वेल्सची चित्रकार, सत्तरीची. दोन हिवाळे ती खारदांड्याच्या कोळीवाड्यात जयवंतीमावशींच्या माडीवर राहतेय. मोडक्या होड्यांच्या फळ्यांवर ती एकमेकांत गुंतलेल्या दोऱ्यांची नक्षी रंगवते. तिच्या केल्टिक पूर्वजांनी दगडी क्रुसांवर कोरलेली. मी चित्रकलेचा शिक्षक. तिला रंग आणून द्यायचो. एका फळीचा गुपचूप फोटो काढला, तोच भिंतीवर उतरवला आणि खाली सही ठोकली.

शेवटी एका रविवारी तिच्याकडे निघालो. रिक्षावाल्याने गल्लीच्या तोंडाशीच उतरवलं. मासळीच्या पाण्यात पाय घसरला, चपलेचा अंगठा तुटला. बांबूंवर बोंबील वाळत होते.

"ये रे मास्तर! म्हावरं (मासळी) न्यायला आलास की तोंड दाखवायला?" जाळं विणता विणता मावशी ओरडल्या. भाकरी आणि बोंबलाचं कालवण पुढे आलं. ताट बाजूला सारलं. सगळं सांगून टाकलं, आधी मेगनला इंग्रजीत, मग मावशींना.

मेगनने माझ्या मोबाइलवर भिंतीचा फोटो मोठा करून त्यावर बोट फिरवलं. एका जागी थांबली.

"इथे दोरा लागोपाठ दोनदा वरूनच गेलाय. एकदा वर, एकदा खाली, हा नियम. चोरलंस, तेही चुकवून!"

"माफ कर."

"नाही करत." तिने भिंतीला टेकवलेली फळी थोपटली. "इंग्रजी सोडून आमची वेल्श भाषा बोलली म्हणून माझ्या पणजीच्या गळ्यात शाळेत लाकडाची फळी अडकवायचे. ती बोलतच राहिली. म्हणून मी फळीच रंगवते. आमचं नाव पुसणारे आम्ही पुष्कळ पाहिलेत."

"मेल्या, आधी तुझं नाव खोड," मावशी कडाडल्या. "मग इथे बसून जाळं विणायला शीक. हाताला वर-खाली कळल्याशिवाय त्या चित्राला ब्रश लावायचा नाय!"

दोन हिवाळ्यांत मेगनला एवढी मराठी कळू लागली होती. "बरोबर," ती म्हणाली.

परतलो तर हॉलमध्ये कमिटीची मीटिंग चाललेली. चित्र माझं नाही, सही खोडतो म्हटल्यावर सेक्रेटरी सावंत हादरले. "वेडा आहेस का? पाहुणे येतायत चित्र बघायला. गप ना यार, कुणाला काय कळतंय?"

"मला कळतंय," म्हणालो आणि सगळ्यांदेखत पत्र्याच्या तुकड्याने सही खरवडली.

शाल परत केली. दर रविवारी दांड्याला जातो. जाळं अजून नीट जमत नाही. भिंतीवरचा दोरा चुकलेलाच आहे. तो दुरुस्त करून सहीच्या जागी मेगनचं नाव लिहिणं, हे माझं देणं अजून बाकी आहे.